तबकातली लाल पगडी

पोटाच्या दुखण्याचे निदान व्हायला मला पाच महिने लागले. संध्याकाळी कणकण यायची, जेवण दोन घासांवर आटोपायचे, वजन अकरा किलोंनी उतरले होते. आम्लपित्तापासून मनाच्या काळजीपर्यंत बहुतेक सगळी नावे या दुखण्याला देऊन झाली होती. अखेर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला गेला आणि डॉक्टरांनी अहवालाचा कागद माझ्यापुढे सरकवत सांगितले, "आतड्याचा क्षय आहे. सहा महिने औषध घ्यायचं. बरा होतो." वाक्याचा शेवट माझ्या कानांपर्यंत पोहोचलाच नाही. माझ्या डोळ्यांपुढे थेऊर उभे राहिले होते.

पंचवीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या बाईचे दुसरे काय होणार! रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली प्रकाशित झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ती नववीच्या सुट्टीत पहिल्यांदा वाचली. नंतर किती वेळा, याची मोजदाद नाही. पानिपतच्या पराभवानंतर सोळाव्या वर्षी पेशवेपदाची वस्त्रे अंगावर आलेले, घरात काकांशी आणि बाहेर निजाम-हैदरशी झुंजत राहिलेले थोरले माधवराव हे माझे सर्वांत आवडते पात्र. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. क्षयाने त्यांना नेले, आणि तो आतड्यांचा होता असेच सांगितले जाते. वर्गात हा भाग सांगताना मी 'राजयक्ष्मा' असा भारदस्त शब्द वापरत असे. तोच रोग आता माझ्या नावाच्या कागदावर छापून आला होता.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझे ताट, वाटी आणि फुलपात्र वेगळ्या फळीवर ठेवले. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आळीतली दोन माणसे क्षयाने गेली होती. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या छातीचे एक्स-रे चित्र त्यांच्यासमोर उजेडात धरले. फुप्फुसे स्वच्छ होती. क्षयाचे जंतू प्रामुख्याने फुप्फुसाच्या रुग्णाच्या खोकल्यातून, हवेवाटे पसरतात. माझा आजार पोटात होता. आणि ताटवाटीतून तर फुप्फुसाचाही क्षय पसरत नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. सासूबाईंनी मान डोलावली. ताट मात्र महिनाभर त्या फळीवरच राहिले.

जून महिन्यात भाची पुण्याहून आली. ती ॲनिमेशनचे शिक्षण घेते. शाळेतून रजा घेऊन मी दिवसभर छताकडे पाहत पडलेली असते हे तिने दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी आपला जुना टॅबलेट आणि त्याचे पेन माझ्या हाती दिले. "आत्या, तू पूर्वी फळ्यावर किती छान चित्रं काढायचीस. यात खडू सांडत नाही." त्यात तिने 'क्रिता' नावाचे मोफत मिळणारे चित्रकलेचे ॲप घालून दिले होते. कोणाचे चित्र काढायचे, हा प्रश्न मला पडलाच नाही.

अडचण वेगळीच निघाली. डोळे मिटले की माधवरावांच्या जागी रवींद्र मंकणी दिसत. दूरदर्शनवरची 'स्वामी' मालिका ज्यांनी त्या काळी पाहिली आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. तो चेहरा देखणा खरा, पण तो मालिकेचा. मला कादंबरीतला हवा होता, आणि कादंबरीतल्या माणसाला वाचकागणिक निराळा चेहरा असतो. शिवाय कोणता क्षण रंगवावा? दरबार नको होता, लढाई नको होती. रमाबाईंच्या सती जाण्याचा शेवट तर मुळीच नको होता; ती पाने मी हल्ली वाचतच नाही. मी थेऊरची एक साधी सकाळ निवडली, कादंबरीत नसलेली. काढा घेऊन झाला आहे, माधवराव लोडाला टेकून बसले आहेत, अंगावर फिकी शाल आहे. डोके उघडे आहे. पगडी शेजारच्या तबकात काढून ठेवलेली आहे. ती पगडी लाल. प्रत्यक्षात तिचा रंग हाच होता असा माझा दावा नाही. सगळ्या फिक्या चित्रात एक जागा जिवंत हवी, म्हणून मी तो रंग घेतला. आज आपण जिला पुणेरी पगडी म्हणतो ती नंतरच्या काळातली, एवढे ठाऊक असल्याने वळणदार तयार पगडी न काढता कापडाचे एकावर एक वेढे काढले.

ज्यांनी हे माध्यम हाताळलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. डिजिटल चित्रात रंगाचे थर वेगवेगळ्या पारदर्शक कागदांवर दिल्यासारखे असतात. त्यांना लेयर म्हणतात. रेखाटन एका थरावर, त्वचा दुसऱ्यावर, वस्त्रे तिसऱ्यावर. प्रत्येक थराशेजारी डोळ्याचे एक लहान चिन्ह असते. त्यावर टोचले की तो थर दिसेनासा होतो, पुन्हा टोचले की परत येतो. पेन जितके दाबावे तितकी रेघ जाड वा गडद उमटते. चुकले तर एक पाऊल मागे जाता येते. आजारपणात अंथरुणावर बसून, रंगपाण्याच्या पसाऱ्याशिवाय करता येईल असे हे काम आहे. उशांचा उंचवटा करून त्यावर टॅबलेट तिरका ठेवायचा, म्हणजे मान खाली जात नाही. दर वीस मिनिटांनी नजर उचलून खिडकीबाहेरच्या नारळाकडे पाहायचे. चाळीस मिनिटे झाली की बंद. माझी ताकदही तेवढीच होती.

आजारी माणूस रंगवायचा म्हणजे गालांत आणि डोळ्यांखाली काळोख भरायचा, अशी माझी समजूत होती. पहिले चार चेहरे त्या समजुतीला बळी पडले. ते माधवराव सत्तर वर्षांचे दिसत होते. भाचीला फोनवर चित्र पाठवले, तर ती म्हणाली, "आत्या, हे म्हातारे झालेत. आजारी नाहीत." मग मी आरशात पाहिले. पाच-सहा महिन्यांत मी आरशात केवळ भांग पाडण्यापुरती पाहत आले होते. आता चित्रकाराच्या नजरेने पाहिले आणि एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. मांस सर्वांत आधी गालांवरून उतरल्यासारखे वाटते, पण खरा खळगा पडतो तो कानशिलावर, भुवईच्या टोकामागे. चेहरा आटतो, म्हणून डोळे मोठे दिसतात. गळ्याजवळची हाडे वर येतात. बोटातली अंगठी खाली घसरून पेरावर अडकते. पण वय वाढत नाही. कपाळाला सुरकुत्या पडत नाहीत, ओठांची कड तरुणच राहते. सत्ताविशीतला मुलगा कितीही खंगला तरी सत्ताविशीतलाच राहतो, आणि पाहणाऱ्याला तेच सोसवत नाही.

म्हणून मी उलटा मार्ग धरला. आधी एका थरावर निरोगी, भरल्या चेहऱ्याचे माधवराव रंगवले. त्यावर दुसरा थर घेऊन त्यात फक्त आजार रंगवला: कानशिलाची सावली, मानेची हाडे, सैल अंगठी. कानातली भिकबाळी तशीच ठेवली; दागिन्याला आजार होत नाही. हे साधले त्या संध्याकाळी मी वरच्या थराच्या डोळ्यावर टोचले. आजार नाहीसा झाला. पुन्हा टोचले, तो परत आला. असे मी किती वेळ करत बसले होते, हे सांगायला संकोच वाटतो.

औषधाचे म्हणाल, तर पहिले दोन महिने चार औषधांची एकत्रित गोळी होती: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते. नंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. लघवी केशरी होते; ती रिफाम्पिसिनची खूण, त्यात घाबरण्याजोगे काही नाही. डोळे पिवळे दिसले, सतत उलट्या झाल्या, पायांना मुंग्या आल्या, तर मात्र लगेच सांगायचे, हे मला बजावलेले होते. सरकारी नोंदणीनंतर निक्षय पोषण योजनेतून दरमहा एक हजार रुपये बँकेत जमा होत. त्यांची अंडी, शेंगदाणे आणि दूध येत असे. जुलै सरता सरता ताप गेला. ऑगस्टमध्ये सासूबाईंनी माझे ताट काही न बोलता इतर ताटांत मिसळले.

मनात एक हिशेब सारखा चाले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे थेऊरच्या त्या नोव्हेंबरनंतर एकशे नऊ वर्षांनी. पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळाले १९४३ साली. क्षयरोग्याला आरोग्यधामात न ठेवता घरीच औषध दिले तरी तितकाच गुण येतो, हे १९५९ साली जगाला दाखवून दिले ते मद्रासमधल्या पाहणीने. मी माझ्या खोलीत बसून चित्र काढू शकत होते, त्यामागे ती पाहणी होती. आणि इथॅम्ब्युटॉलचा शोध १९६१ सालचा, म्हणजे 'स्वामी' छापून येण्याच्या एक वर्ष आधीचा. लेखक माधवरावांचा मृत्यू लिहीत असतील त्याच सुमारास कुठल्याशा प्रयोगशाळेत हे औषध तपासले जात होते, या कल्पनेने मला उगीचच बरे वाटे. याच औषधाशी माझी पुढे गाठ पडायची होती.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत चेहरा आणि शाल पूर्ण झाली आणि मी पगडीकडे वळले. ती काही केल्या जमेना. लाल दिल्यावर क्षणभर बरी दिसे, दुसऱ्या दिवशी मळकट वाटे. मी रंगाची तीव्रता वाढवी. पुन्हा मळकट. टॅबलेटमध्ये रात्री पडद्याचा प्रकाश पिवळसर करण्याची सोय असते, तिचा हा प्रताप असावा म्हणून ती बंद केली. फरक पडला नाही. वर्तमानपत्रातली अक्षरेही जरा गिचमिड दिसू लागली होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, सणवार झाले की जाऊ, असे ठरवून टाकले. गणपतीत पूजेला आणलेली जास्वंदीची फुले मला विटकरी वाटली. पावसाने फुलेसुद्धा निस्तेज झाली, असे मी म्हटल्याचे आठवते. त्यावर घरात कोणी काही बोलले नाही; सणाच्या गडबडीत तेवढे कोण ऐकते!

गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर एके दुपारी सासूबाई माझ्या खोलीत आल्या आणि खुर्ची ओढून पडद्याकडे पाहत बसल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आदल्या वर्षी झालेली, तेव्हापासून त्या रंगांबाबत फार चोखंदळ झाल्या आहेत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, ही पगडी आहे की निखारा? डोळ्यांत जाते नुसती." मी म्हटले, "उलट फिकी वाटतेय म्हणून आत्ताच वाढवली." त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि त्या उठून गेल्या. चिडल्या असाव्यात असे मला वाटले. पाच मिनिटांनी त्या कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. झाकण काढून माझ्यापुढे धरला आणि विचारले, "हा रंग कसा दिसतो तुला?"

तपकिरी. मी तसे सांगितलेही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

भाचीला फोन केला. रोजचे काम वेगळ्या नावाने जपून ठेवायची शिस्त तिने मला लावली होती. प्रत्येक फाइलवर तारीख होती. तिने सगळ्या फाइली मागवल्या आणि पगडीच्या त्याच वेढ्यावरचा रंग प्रत्येक फाइलीत तपासला. या ॲपमध्ये प्रत्येक रंगाला आकडे असतात. रंग किती तीव्र आहे, हे शंभरपैकी किती असे सांगता येते. ऑगस्टच्या मध्याला तो आकडा ५८ होता. आठवड्याने ७०. ऑगस्टअखेर ८३. त्या दुपारी ९६. मला एकच रंग दिसत राहावा म्हणून मी पाच आठवडे आगीत तेल ओतत होते, आणि आग विझतच चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आधी क्षयाच्या डॉक्टरांकडे आणि तिथून त्यांच्याच सांगण्यावरून नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. ठिपक्या-ठिपक्यांच्या वर्तुळात लपलेले आकडे ओळखायचे तक्ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी ते १९१७ साली प्रसिद्ध केले. पहिला आकडा मी वाचला. पुढच्या बहुतेक वर्तुळांत मला केवळ ठिपके दिसले. माझ्यामागे उभे असलेले माझे यजमान ते आकडे सहज वाचू शकत होते, हे त्यांच्या गप्प राहण्यावरून मला कळले.

इथॅम्ब्युटॉल काही थोड्या रुग्णांत डोळ्यांकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेला इजा करते. मात्रा जास्त असेल, मूत्रपिंडे दुबळी असतील, वय अधिक असेल किंवा औषध दीर्घकाळ चालू असेल, तर धोका वाढतो; पण यातले काहीही नसताना ते होऊ शकते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आधी लाल-हिरव्या रंगांतला फरक पुसट होतो, किंवा नजरेच्या मध्यभागी धूसरपणा येतो. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते नेत्रतज्ज्ञांचे एक वाक्य: हे बहुधा दोन्ही डोळ्यांत सारखेच होते. एक डोळा मिटून दुसऱ्याशी तुलना केली तर दोघे एकच साक्ष देतात. रंग हळूहळू उतरतो आणि मन त्या उतरणीशी जुळवून घेते. जास्वंदीवरच पावसाचा ठपका येतो. म्हणून उपचार सुरू होण्याआधी नजर आणि रंगओळख तपासून ठेवावी, पुढे दर महिन्याला विचारणा व्हावी. माझी सुरुवातीची तपासणी राहून गेली होती, आणि ती मागायची असते हे मलाही ठाऊक नव्हते. माझ्याकडे तुलनेला होती ती फक्त पगडी. डॉक्टरांनी त्या तारखांच्या फाइली एकामागून एक पाहिल्या आणि लक्षणे कधी सुरू झाली असावीत ते आपल्या कागदावर लिहून घेतले.

इथॅम्ब्युटॉल त्याच दिवशी थांबवले. गोळी एकत्रित असल्याने ती बदलून उरलेली औषधे सुटी दिली आणि उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण केले. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मी स्वतःहून एकही गोळी बंद केली नव्हती. घाबरून सगळीच औषधे सोडली असती तर क्षय उलटला असता, कदाचित औषधांना न जुमानणारा होऊन. काय थांबवायचे आणि काय चालू ठेवायचे, हे ठरवणे डॉक्टरांचे काम. रंग गेला, अक्षरे धूसर झाली, हे त्याच दिवशी सांगणे आपले. आणि चित्रे काढून माझा क्षय बरा झाला असेही कोणी समजू नये. तो गोळ्यांनी बरा झाला.

वेळीच थांबवले तर नजर बहुतेकांची परत येते, पण तिला अवधी लागतो, आणि सर्वांची पूर्ण येतेच असे नाही. ते आठवडे मला आजाराच्या आधीच्या महिन्यांपेक्षा जड गेले. मी टॅबलेट उघडला नाही. वाचन सुटले होते. रात्री जेवणे झाल्यावर सासूबाई माझ्या खाटेशी बसून 'स्वामी' मोठ्याने वाचत. त्या अडखळत वाचतात, जोडाक्षरापाशी थांबतात. थेऊरपर्यंत पोहोचल्यावर त्यांनी पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, "पुढचं तुला माहीत आहे."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला औषधे संपली. त्याच महिन्याच्या अखेरीस एके सकाळी देवघरात उभी असताना करंड्यातले कुंकू मला जरा निराळे भासले. लाल म्हणता येईना, पण तपकिरीही नव्हते. मी कोणाला सांगितले नाही. जानेवारीत पुन्हा तक्ते झाले. एक सोडून बाकीचे आकडे वाचता आले. वजन आठ किलोंनी परत आले होते.

त्या संध्याकाळी मी सप्टेंबरमधली शेवटची फाइल उघडली आणि दचकून पडदा दूर धरला. तबकात खरोखरच निखारा होता. सगळे चित्र त्या पगडीने जाळून टाकले होते. तिच्यापुढे माधवरावांचा चेहरा दिसतही नव्हता. ही फाइल मी पुसली नाही. ऑगस्टमधली पहिली प्रत तिच्या शेजारी ठेवली, तिच्यातला रंग उचलला आणि एकेक वेढा पुन्हा रंगवला. या वेळी आकडा ६१ वर थांबला. तीन अंक कुठून आले, मला ठाऊक नाही. मग सवयीने वरच्या थराच्या डोळ्यावर टोचले. भरल्या चेहऱ्याचे माधवराव क्षणभर दिसले. थर परत आणला. चित्र थेऊरचे होते. तिथे तो हवाच होता.

भाचीने छपाईसाठी फाइल मागितली, तेव्हा पाठवण्यापूर्वी मी सासूबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"आता कापड वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण किती लहान आहे गं हा पोरगा!" आणि पाने घ्यायची आहेत, लवकर या, असे सांगून स्वयंपाकघरात गेल्या.